नमाजमधील पुरुषांचा पोशाख : शर्त, शिष्टाचार आणि रिवाज (शिरूर व दौंड तालुक्यांतील लोकजीवनाच्या संदर्भात)

सारांश

नमाज हा इस्लामच्या पाच मूलाधारांपैकी एक आहे. तिच्या वैधतेसाठी शरीराचे विहित आच्छादन व वस्त्रांची शुद्धता या पोशाखविषयक दोन अटी धर्मशास्त्राने घातल्या आहेत. व्यवहारात मात्र टोपी, लांब कुर्ता, पायजमा, घोट्याच्या वर घेतलेली विजार या गोष्टीही त्याच अटींचा भाग समजल्या जातात. प्रस्तुत लेखात या नियमांची शर्त, शिष्टाचार आणि रिवाज अशा तीन स्तरांत मांडणी केली असून शिरूर व दौंड या तालुक्यांतील शेतकरी, कामगार, रेल्वे कर्मचारी व महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्या नित्याच्या पोशाखाला ते कसे लागू होतात, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : नमाज, सतर, नजासत, हनफी, शाफई, मकरूह, स्थानिक पोशाख.

१. प्रस्तावना

घोड नदीच्या काठी वसलेले शिरूर आणि भीमेच्या काठी वसलेले दौंड ही पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागातील तालुक्यांची व बाजारपेठांची गावे. शिरूर पुणे–अहिल्यानगर मार्गावर आहे. दौंड हे रेल्वेचे जंक्शन असून राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ व ७ तेथे आहेत. शिरूर तालुक्यातील रांजणगाव आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींनी या परिसराच्या रोजगाराचे स्वरूप पालटले असले, तरी ऊसशेती व दुग्धव्यवसाय यांचे स्थान अद्याप टिकून आहे.

अशा परिसरात शुक्रवारच्या दुपारी, जुम्याच्या नमाजसाठी, मशिदीत जी रांग उभी राहते तिच्यात एकच एक पोशाख असणे शक्य नाही. लेंगा-पैरण घातलेला वयस्क शेतकरी, कंपनीच्या गणवेशातील कामगार, पाळी संपवून आलेला रेल्वे कर्मचारी, खाकी विजारीतील पोलीस जवान, जीन्स व टी-शर्टमधील विद्यार्थी हे खांद्याला खांदा लावून उभे राहतात. यांपैकी कोणाचा पोशाख नमाजसाठी योग्य, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राच्या अभ्यासकापुरता मर्यादित नाही. ‘कपडे नमाजचे नाहीत’ एवढ्याच समजुतीने कामगार नमाज सोडून देतो. जीन्स घालणाऱ्या मुलाला मागच्या रांगेत जाण्यास सांगितले की तो पुन्हा मशिदीकडे फिरकत नाही. दुसरीकडे, टोपी-कुर्त्यात वर्गात आलेल्या विद्यार्थ्याकडे पाहून हा पोशाख त्याच्या धर्माने सक्तीचाच केला असावा, असे शिक्षक गृहीत धरतात. या सर्व गैरसमजांचे मूळ एकच आहे : शर्त, शिष्टाचार आणि रिवाज यांतील भेद लक्षात न घेणे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

पुरुषांच्या पोशाखासंबंधीचे मूळ नियम स्पष्ट करणे, सुन्नी विधिसंप्रदायांतील मतभेदांची नोंद घेणे आणि स्थानिक पोशाखाच्या संदर्भात त्या नियमांचा अर्थ लावणे, ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे आहेत. अभ्यासाची पद्धत वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. पुणे जिल्ह्यासह दख्खनच्या पठारावरील बहुसंख्य सुन्नी मुस्लिम हनफी संप्रदायाचे, तर कोकणी मुस्लिम प्रामुख्याने शाफई संप्रदायाचे अनुयायी असल्याने विवेचनात या दोन संप्रदायांना प्राधान्य दिले आहे. स्त्रियांच्या पोशाखाचे नियम निराळे असून ते लेखाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत.

३. नियमांची पार्श्वभूमी

इस्लामपूर्व अरबस्तानात काही लोक काबागृहाची प्रदक्षिणा विवस्त्र अवस्थेत करीत. कुरआनच्या सातव्या सूरेतील, म्हणजे अल-आराफमधील, ३१ व्या आयतीत प्रत्येक उपासनास्थानी आपली शोभा धारण करण्याचा आदेश आहे. या आदेशाची पार्श्वभूमी म्हणजे वरील प्रथा होय, असे इब्ने अब्बास यांच्या कथनावरून समजते. येथे ‘शोभा’ या शब्दाचा अर्थ भाष्यकारांनी प्रथमतः वस्त्र असा केला. त्यामुळे आदेशाचा किमान अर्थ शरीर झाकणे आणि विस्तृत अर्थ नीटनेटके, प्रसन्न वस्त्र धारण करणे असा होतो. पुढील सर्व नियमांचे दोन स्तर या एकाच शब्दातून निघाले आहेत.

प्रेषितांच्या काळातील मुस्लिम समाज सुस्थितीतील नव्हता. इमाम बुखारी (मृत्यू इ. स. ८७०) यांच्या हदीससंग्रहातील नमाजविषयक प्रकरणात पोशाखासंबंधी अनेक कथने आहेत आणि त्यांतून वस्त्रांची टंचाई सतत जाणवते. एकाच वस्त्रात नमाज चालेल काय, असे विचारले असता, तुमच्यापैकी प्रत्येकाजवळ दोन वस्त्रे आहेत काय, असा प्रतिप्रश्न प्रेषितांनी केल्याचे तेथे नमूद आहे. वस्त्र मोठे असेल तर अंगाभोवती लपेटावे, तोकडे असेल तर कमरेला गुंडाळावे, असे मार्गदर्शनही आढळते.

या संदर्भात अम्र बिन सलमा या बालकाचे कथन विशेष उद्बोधक आहे. मक्काविजयानंतर (इ. स. ६३०) त्याच्या जमातीने इस्लाम स्वीकारला. सर्वांत अधिक कुरआन त्यालाच पाठ असल्याने सहा-सात वर्षांच्या त्या मुलाला इमाम करण्यात आले. त्याच्या अंगावरील चादर इतकी तोकडी होती की सजद्यात ती वर सरके व शरीर उघडे पडे. एका स्त्रीने ही गोष्ट जमातीच्या नजरेस आणताच लोकांनी कापड विकत घेऊन त्याला सदरा शिवून दिला. त्या सदऱ्याने झालेला आनंद तो पुढेही विसरला नाही. उणीव दिसताच जमातीने त्या मुलाला इमामपदावरून दूर केले नाही, त्याच्या अंगावर वस्त्र घातले. नियमांमागील वृत्ती समजून घेण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

४. पहिली शर्त : सतर

नमाजमध्ये शरीराचा जो भाग झाकणे अनिवार्य आहे त्यास सतर म्हणतात. पुरुषांच्या बाबतीत हा भाग सामान्यतः बेंबीखालपासून गुडघ्यापर्यंतचा होय. हनफी मतानुसार गुडघा सतरमध्ये समाविष्ट आहे, बेंबी नाही. शाफई मतानुसार दोहोंमधील भाग सतर असून बेंबी व गुडघा त्याबाहेर राहतात. मालिकी संप्रदाय गुह्यांगे व उर्वरित सतर यांत तीव्रतेचा भेद करतो. हंबली संप्रदायाच्या प्रचलित मतात फर्ज नमाजमध्ये किमान एका खांद्यावर वस्त्र असणेही आवश्यक आहे.

सतर उघडे पडल्यास काय, याविषयी हनफी ग्रंथांत नेमके माप दिले आहे. सतरचे अनेक अवयव कल्पिले असून त्यांपैकी एखाद्याचा एक चतुर्थांश भाग नकळत उघडा पडला आणि तीन वेळा ‘सुब्हानल्लाह’ म्हणण्याइतका वेळ तसाच राहिला, तर नमाज भंगते. त्याहून कमी भाग किंवा कमी वेळ असेल तर ती भंगत नाही. हेतुपुरस्सर उघडे टाकल्यास मात्र वेळेची ही सवलत मिळत नाही. शाफई मत अधिक काटेकोर आहे : वाऱ्याने वा अन्य कारणाने वस्त्र सरकल्यास ते तत्क्षणी सावरले पाहिजे.

हा नियम तरुणांच्या पोशाखाला प्रत्यक्ष लागू होतो. कमरेखाली बसणारी जीन्स आणि आखूड टी-शर्ट उभे असताना शरीर पुरेसे झाकतात. रुकू व सजद्यात मात्र टी-शर्ट वर चढतो, विजार खाली ओढली जाते आणि मागील भाग उघडा पडतो. हा दोष जीन्सचा नाही, तिच्या मापाचा आहे. लांब शर्ट, विजारीत खोचलेला गंजीफ्रॉक किंवा नीट बसणारा पट्टा एवढ्याने तो दूर होतो. अम्र बिन सलमाच्या चादरीची अडचण आणि या विद्यार्थ्याची अडचण यांत तत्त्वतः फरक नाही.

गुडघ्याच्या वर राहणाऱ्या खेळाच्या चड्डीत मांडी उघडी राहत असल्याने ती पुरेशी ठरत नाही. केवळ गुडघा उघडा राहिल्यास, गुडघा व मांडी मिळून एकच अवयव मानण्याच्या प्रचलित हनफी मतानुसार, चतुर्थांशाची मर्यादा ओलांडली जात नाही. तरीही झाकणे हेच कर्तव्य आहे. आच्छादनाची कसोटी त्वचेचा रंग न दिसणे ही आहे. पातळ मलमलीच्या धोतरातून किंवा पावसात भिजून अंगाला चिकटलेल्या पांढऱ्या लेंग्यातून मांडीचा रंग दिसत असेल, तर वस्त्र असूनही सतर झाले असे म्हणता येत नाही. याउलट विजार तंग असली तरी रंग झाकला जात असेल तर नमाज होते. अवयवांचा आकार स्पष्ट दिसणे अप्रशस्त मात्र मानले आहे.

५. दुसरी शर्त : वस्त्रांची शुद्धता

श्रमिकांच्या दृष्टीने सर्वाधिक गैरसमज या अटीविषयी आढळतात. कुरआनच्या ७४ व्या सूरेतील चौथ्या आयतीत वस्त्रे शुद्ध ठेवण्याचा आदेश आहे. येथे ‘अशुद्ध’ आणि ‘मळकट’ या दोन कल्पना वेगळ्या आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. धर्मशास्त्र ज्याला नजासत म्हणते त्यात मूत्र, विष्ठा, वाहते रक्त, मद्य अशा ठरावीक पदार्थांचा समावेश होतो. यंत्राचे वंगण, ग्रीस, लोखंडाचा कीट, रंग, सिमेंट, शेतातील माती, उसाचा रस यांचे डाग वस्त्राला मळवतात. ते त्याला नापाक करीत नाहीत. त्यामुळे रांजणगावच्या कारखान्यातील कामगाराचा तेलकट गणवेश किंवा रेल्वे कर्मचाऱ्याची काळवंडलेली विजार नमाजच्या वैधतेआड येत नाही. पावसाळ्यातील रस्त्याचा चिखलही, त्यात नजासत प्रत्यक्ष दिसत नसेल तर, क्षम्य मानला जातो.

गोठ्यात काम करणाऱ्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. गाय-म्हशीचे शेण हनफी मतात नजासत होय. इमाम अबू हनीफा यांनी ते तीव्र, तर त्यांचे शिष्य अबू यूसुफ व मुहम्मद यांनी सौम्य नजासतीत गणले. ज्यांचे मांस खाणे विहित आहे अशा जनावरांचे मूत्र अबू हनीफा व अबू यूसुफ यांच्या मते सौम्य नजासत आहे. सौम्य नजासत वस्त्राच्या संबंधित भागाच्या चतुर्थांशाहून कमी जागेवर असेल तर नमाज होते. तीव्र व द्रव नजासतीची मर्यादा तळहाताच्या खोलगट भागाएवढी मानली आहे. मात्र धुणे शक्य असताना तेवढीही ठेवणे मकरूह, म्हणजे अप्रशस्त होय. शाफई मतात अशी सवलत फारच थोडी आहे. याउलट मालिकी व हंबली संप्रदाय भक्ष्य जनावरांचे शेण-मूत्र अशुद्ध मानीत नाहीत. एकाच गोठ्यातून आलेल्या दोन व्यक्तींना त्यांच्या संप्रदायानुसार भिन्न उत्तरे मिळू शकतात, ती यामुळेच.

मांसविक्रेत्यांच्या बाबतीतही असाच भेद केला आहे. कापताना वाहणारे रक्त नजासत आहे. जनावर विधिवत कापल्यानंतर मांसात उरलेला ओलावा तसा मानला जात नाही. व्यवहारात या वर्गातील अनेकजण नमाजसाठी दुकानात लुंगी वा पायजम्याचा वेगळा जोड ठेवतात, तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

शुद्ध वस्त्र मिळतच नसेल तरीही नमाज माफ होत नाही. एकमेव वस्त्राचा किमान चतुर्थांश भाग शुद्ध असेल, तर त्याच वस्त्रात नमाज पढावी, असे हनफी ग्रंथ सांगतात. अटींची रचना उपासना सुकर व्हावी यासाठी आहे, ती टाळण्यास निमित्त मिळावे यासाठी नाही, हे त्यावरून दिसते.

६. शिष्टाचार : मकरूह व प्रशस्त बाबी

शर्तीनंतरचा दुसरा स्तर शिष्टाचाराचा आहे. त्याचा भंग झाला तरी सामान्यतः नमाज वैध राहते, तथापि तिची शोभा उणावते. दुसरे वस्त्र उपलब्ध असताना केवळ कामाच्या मळक्या कपड्यांत नमाज पढणे हनफी ग्रंथांनी सौम्य मकरूह ठरवले आहे. प्रतिष्ठित व्यक्तीसमोर जाताना आपण जे कपडे घालणार नाही, ते ईश्वरासमोर घालू नयेत, हे त्यामागील सूत्र आहे. अर्थात मधल्या सुट्टीत कारखान्यातच नमाज पढणाऱ्याजवळ दुसरे वस्त्र नसल्यास हा आक्षेप उरत नाही.

मानवी वा प्राण्यांच्या चित्रांचे कपडे, बाह्या कोपरापर्यंत सारून उभे राहणे, नमाजमध्ये वारंवार कपडे सावरणे याही बाबी मकरूह आहेत. नक्षीदार वस्त्रामुळे आपले चित्त विचलित झाल्याने प्रेषितांनी ते परत पाठवून साधे वस्त्र मागवल्याचे हजरत आयेशा यांचे कथन प्रसिद्ध आहे. टी-शर्टच्या पाठीवरील ठळक मजकूर मागच्या रांगेतील व्यक्तीचे लक्ष वेधून घेतो. त्याविषयीचा आक्षेप याच कथनाच्या आधारे समजून घेता येतो.

रेशीम व सोने पुरुषांना नमाजमध्ये व एरवीही निषिद्ध आहे. त्यामुळे लग्नात भेट मिळालेली सोन्याची अंगठी वा साखळी घालून नमाज पढणारा दोषी ठरतो. हनफी व शाफई मतात नमाज मात्र होते. कृत्रिम रेशीम या निषेधात येत नाही. वस्त्राच्या काठापुरती चार बोटे रुंदीची रेशमी पट्टी चालते. ताणा रेशमाचा व बाणा सुताचा असेल तर हनफी मतानुसार ते कापड वापरता येते. मराठीतही रूढ झालेल्या ‘मशरू’ या वस्त्राचे नाव याच सवलतीतून आले असून त्याचा अर्थ ‘शरियतला संमत’ असा आहे.

७. घोटे व विजारीची दुमड

मशिदीत प्रत्यक्ष वाद होतो तो बहुधा या मुद्द्यावर. घोट्याखाली लोळणाऱ्या वस्त्राचा हदीसमध्ये कठोर शब्दांत निषेध आहे. हजरत अबू बकर यांनी आपले वस्त्र नकळत खाली सरकत असल्याचे सांगितले, तेव्हा ते गर्वाने तसे करणाऱ्यांपैकी नाहीत, असा निर्वाळा प्रेषितांनी दिला. यावरून इमाम नववी यांच्यासारख्या विद्वानांनी गर्व असेल तर ते निषिद्ध व नसेल तर मकरूह, असा निष्कर्ष काढला. दुसऱ्या एका हदीसमध्ये नमाजमध्ये कपडे दुमडण्यास मनाई आहे.

आधुनिक विजारीने या दोन नियमांत पेच निर्माण केला आहे. देवबंदी विचारधारेचे विद्वान नमाजपूर्वी विजार दुमडून घोटे मोकळे करावेत असे सांगतात. बरेलवी विचारधारेचे विद्वान दुमडणे हेच अधिक मकरूह मानतात. एकाच रांगेत काहींच्या विजारी दुमडलेल्या व काहींच्या सरळ दिसतात, त्यामागे निष्काळजीपणा नसून हा मतभेद आहे. दोन्ही पक्षांत घोट्याचा हा प्रश्न नमाजच्या शर्तींत गणला जात नाही. विजार शिवतानाच घोट्यापर्यंत ठेवल्यास वादाचे कारणच उरत नाही.

८. शिरोवस्त्र

टोपी ही मुस्लिम पुरुषाच्या नमाजची सर्वांत ठळक खूण मानली जाते. प्रत्यक्षात चारही सुन्नी संप्रदायांपैकी कोणीही पुरुषाने डोके झाकणे ही शर्त मानलेली नाही. हनफी ग्रंथांनी आळसापोटी उघड्या डोक्याने नमाज पढणे मकरूह म्हटले आहे. नम्रतेपोटी तसे केल्यास आक्षेप घेतलेला नाही. टोपीचा आकार, रंग वा कापड यांविषयी बंधन नाही. खिशातील रुमाल डोक्याला बांधणे किंवा ग्रामीण शेतकऱ्याची पांढरी गांधी टोपी यांनीही हेतू साध्य होतो.

फेट्याच्या बाबतीत एक तांत्रिक प्रश्न उद्भवतो. सजद्यात कपाळ जमिनीला टेकले पाहिजे. फेट्याचा पीळ कपाळावर आल्यास हनफी मतात सजदा होतो, पण विनाकारण तसे करणे मकरूह आहे. शाफई मतात नमाज पढणाऱ्याबरोबर हलणाऱ्या वस्त्रावर कपाळ टेकल्यास सजदा होत नाही. कपाळाचा काही भाग उघडा हवा. फेटा किंचित मागे सारणे, हा त्यावरील उपाय दोन्ही मतांना मान्य आहे.

९. स्थानिक पोशाखाचे स्थान

लांब कुर्ता व जाळीची टोपी हाच या प्रदेशातील मुस्लिमांचा परंपरागत पोशाख होता, असे म्हणता येत नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्याविषयीचा १८ वा खंड १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जिल्ह्यातील मुस्लिम व्यवसायसमूहांची माहिती देताना त्यांच्यापैकी अनेकांच्या पोशाखात हिंदू धाटणीचे पागोटे व धोतर यांचा उल्लेख येतो. हे लोक त्याच पोशाखात नमाज पढत असणार. धोतर नेसण्याची पद्धत सैल व गुडघ्याखालपर्यंत असेल तर सतरची अट पूर्ण होते. कासोटा मारून मांडीवर घेतलेले धोतर मात्र सोडून नमाजपुरते लुंगीसारखे गुंडाळावे लागते. वस्त्र तेच राहते, नेसण्याची रीत तेवढी बदलते.

फिक्हमध्ये ‘उर्फ’, म्हणजे स्थानिक प्रचलित रीत, हा विचारात घेण्याचा घटक आहे. सभ्य पोशाख कोणता, हे बहुतांशी समाजाच्या रीतीवरूनच ठरते. त्यामुळे शिरूरच्या बाजारात जो पोशाख सभ्य समजला जातो तो, दोन शर्ती पाळल्या गेल्यास, मशिदीतही योग्यच ठरतो. कुर्ता-पायजमा सैल व लांब असल्याने सोयीचा आहे आणि सणासुदीला तो आवडीने घातला जातो. पण त्याचे स्थान तिसऱ्या स्तरावर, म्हणजे रिवाजात आहे.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) पुरुषाच्या नमाजसाठी पोशाखाच्या अनिवार्य अटी दोनच आहेत : बेंबीखालपासून गुडघ्यापर्यंतचे अपारदर्शक आच्छादन आणि नजासतीपासून मुक्त वस्त्र. यांच्या तपशिलात संप्रदायपरत्वे भेद आहेत.

२) मळ आणि नजासत या भिन्न गोष्टी आहेत. श्रमाने मळलेला कपडा नमाज सोडण्याचे कारण ठरू शकत नाही.

३) टोपी, घोट्यावरील विजार, साधेपणा या बाबी शिष्टाचाराच्या आहेत. त्यांचा आग्रह समजावणीच्या भाषेत धरता येतो. त्यांच्याअभावी कोणाची नमाज बाद ठरवणे शास्त्राला धरून नाही.

४) विशिष्ट धाटणीचा पोशाख हा रिवाज आहे. शिरूर व दौंडमधील लेंगा-पैरण, विजार-शर्ट, खाकी वा कारखान्याचा गणवेश हे सर्व नमाजसाठी पुरेसे होऊ शकतात.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या वर्गीकरणाचे महत्त्व व्यावहारिक आहे. गणवेशामुळे नमाज अडते, असा समज विद्यार्थी वा पालक व्यक्त करतील तेव्हा तो शास्त्राधारे दूर करता येईल. टोपी घालणारा विद्यार्थी अधिक धार्मिक व न घालणारा कमी, असा तर्कही मग कोणी करणार नाही. नमाज पोशाखाकडून फार थोडे मागते. ते थोडे कोणते, हे नेमके ठाऊक असले म्हणजे उरलेल्या बाबतीत माणसाला त्याच्या गावाच्या, कामाच्या व वयाच्या पोशाखात मोकळेपणाने उभे राहू देता येते.